नवजात बाळाचं हार्ट-लंग मशीन: लहान काय करायचं असतं?

बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशनबद्दल सध्या एक संदेश खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवजात बाळालाही मोठ्या माणसांचंच हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) लावतात. फोन खिशात मावतो, मग हे मशीन का लहान होत नाही? ते लहान झालं की बाहेरचं रक्त लागणार नाही, धोकाही उरणार नाही. पण नफा नाही म्हणून कंपन्या ते करत नाहीत. बाळाचं ऑपरेशन तोंडावर आलेल्या आईवडिलांपर्यंतही हा मजकूर पोचतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा, मशीन मोठ्यांचंच असतं हा. थिएटरमध्ये दिसणारा पंपांचा कन्सोल बऱ्याचदा तोच असतो, हे खरं. पण त्या कन्सोलला रक्ताचा स्पर्शही होत नाही. रोलर पंप नळीला बाहेरून दाबत रक्त पुढे ढकलतो. रक्त ज्यातून जातं त्या नळ्या, रिझर्व्हॉयर (रक्त साठवणारं भांडं), ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग), फिल्टर हे सगळं, म्हणजे सर्किट, प्रत्येक रुग्णासाठी नवं असतं आणि ते वजन पाहून निवडलं जातं. सुरू करण्याआधी ते द्रावाने भरावं लागतं. खास नवजात बाळांसाठीचे ऑक्सिजनेटर कित्येक वर्षं वापरात आहेत. त्यातलं कॅपिऑक्स एफएक्स०५ हे मॉडेल भरायला ४३ मिली लागतात, किड्स डी१०० ला ३१ मिली. मोठ्यांच्या ऑक्सिजनेटरला दोनशे-अडीचशे मिलीपर्यंत लागतात.

फोनचा दाखला तर इथे लागूच पडत नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २५० मिली रक्त असतं, पण किलोमागे त्याची गरज मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त. मिनिटाला साधारण ४५० ते ५०० मिली प्रवाह द्यावा लागतो, म्हणजे अंगातलं सगळं रक्त मिनिटाला जवळजवळ दोनदा मशीनमधून फिरतं. आता नळी बारीक करून पाहा. पाव इंची नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे ३२ मिली रक्त मावतं, तीन-सोळांश इंचीत १८ आणि एक-अष्टमांश इंचीत फक्त ८. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो. दाब वाढवून रक्त रेटलं तर तांबड्या पेशी फुटतात, आणि शिरांकडून येणारं रक्त नुसत्या उतारावर पुरेसं वाहत नाही.

म्हणून चांगल्या टीम नळी बारीक करण्याइतकाच भर ती आखूड करण्यावर देतात. पंप टेबलाच्या अगदी जवळ आणायचे, रिझर्व्हॉयर वर उचलायचं आणि उतार कमी पडतो तिथे हलकी व्हॅक्यूम लावायची. या व्हॅक्यूमची किंमत अशी की कुठे बारीकशी फट राहिली तरी हवा आत ओढली जाते, आणि बुडबुडा मेंदूत जाऊ शकतो. रिझर्व्हॉयरमध्येही रक्त कमीत कमी ठेवायचं असतं. समजा तळाशी १५ मिली आहे आणि प्रवाह मिनिटाला ५०० मिली. बाळाकडून येणारं रक्त अडलं, तर दोन सेकंदांच्या आत रिझर्व्हॉयर कोरडं! पातळीचा सेन्सर पंप थांबवतो, पण परफ्युजनिस्टची (मशीन चालवणाऱ्या तज्ज्ञाची) नजर तिथून हलून चालत नाही. सर्किट जितकं लहान, तितका चूक सावरायला मिळणारा वेळ कमी. हे त्या संदेशात कुठेच नाही.

बाहेरचं रक्त लागणार नाही, हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो. हिशोब करून पाहू. बाळाचं हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ४५ टक्के आहे आणि सर्किट ३०० मिली साध्या द्रावाने भरलं, तर मिसळल्यावर ते २० च्या आसपास येतं. सर्किट १०० मिलीचं असेल तर ३२ वर राहतं. हा फरक फार मोठा आहे. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपासवर, म्हणजे या मशीनवर असताना, हिमॅटोक्रिट खाली ठेवलेल्या बाळांचे हालचालींच्या विकासाचे गुण वर्षाच्या वयात कमी भरले होते. बर्लिनच्या टीमने सर्किट १०० मिलीच्या आत आणून काही नवजात बाळांची ऑपरेशनं रक्त न देता केलीही आहेत. तरी ते प्रत्येक बाळाला जमेल असं नाही. सुरुवातीचं हिमॅटोक्रिट, ऑपरेशनची लांबी, रक्तस्राव, पातळ झालेले प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारे इतर घटक, या सगळ्यावर ते ठरतं. डॉक्टरांनी रक्ताची सोय करायला सांगितली असेल तर ती कराच.

धोका उरणार नाही, हेही खोटं. सर्किट कितीही लहान केलं तरी रक्त परक्या पृष्ठभागाला लागतंच, रक्त गोठू न देणारं हेपारिन द्यावंच लागतं आणि अंगात दाह उसळतो.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. ही बाजारपेठ लहान आहे आणि बाळांसाठीची उपकरणं उशिरा येतात, ही तक्रार रास्त आहे. पण कोणी काही केलंच नाही, हे मान्य नाही. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. पुढच्याच वर्षी मिनेसोटात लिलेहाय यांनी मुलाचं रक्त आईच्या किंवा वडिलांच्या शरीरातून फिरवून ऑपरेशनं केली, कारण मुलांसाठी भरवशाचं मशीनच नव्हतं. १९९१ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने बायपासनंतर बाळाच्या रक्तातलं जादा पाणी गाळून काढण्याची नवी पद्धत मांडली. आता ऑक्सिजनेटर इतके लहान झालेत की पुढची बचत बरीचशी थिएटरच्या मांडणीत आहे. तीन-सोळांश इंची नळ्या जाताना एक मीटर आणि येताना एक मीटर कमी केल्या, तर सुमारे ३६ मिली वाचतात. किड्स डी१०० हा अख्खा ऑक्सिजनेटर भरायला याहून कमी लागतं.