लेझरने कॅन्सर होतो, आणि त्यावर उपाय म्हणे ऊन!

मावशीने फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला तेव्हा मी नेहमीप्रमाणे बघितलं न बघितल्यासारखं केलं. पण धाकट्या बहिणीने तो मनावर घेतला, आठ दिवस रोज दुपारी गच्चीत जाऊन बसली, आणि आधी पैसे भरलेत म्हणून आयपीएलचं (क्रिकेट नव्हे, प्रकाशाच्या जोरदार फ्लॅशने नको असलेले केस काढायचं मशीन) सिटिंगही करून आली. आता तिच्या पिंढरीवर काडेपेटीएवढे चौकोनी चट्टे आहेत, फरशी बसवल्यासारखे ओळीने. उन्हात होतीस का, एवढं साधं तिथे कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून हे लिहितेय.

मेसेज तुम्हालाही आला असेल. लेझर आणि आयपीएल म्हणजे रेडिएशन, ते गर्भाशयापर्यंत उतरतं, कॅन्सर होतो, केस उलट दुप्पट येतात, एलईडी मास्क, म्हणजे चेहऱ्यावर लावायचा बारीक दिव्यांचा मुखवटा, हा नुसता टॉर्च, आणि शेवटी "हाच प्रकाश सूर्य फुकट देतो, रोज दुपारी अर्धा तास उन्हात बसा, त्वचा उजळेल, केस विरळ होतील."

शेवटचंच आधी घेते, कारण पाय त्यानेच भाजलाय. हाच प्रकाश? अजिबात नाही. आयपीएलच्या दिव्यापुढे फिल्टर असतो, तो साधारण ५०० नॅनोमीटरच्या (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं माप) खालचं सगळं अडवतो. अतिनील किरण ४०० च्या खाली असतात, म्हणजे डीएनए बिघडवणारे किरण मशीनमध्ये गाळून टाकलेले असतात आणि दुपारच्या उन्हात ते भरभरून मिळतात. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९२ मध्येच उन्हाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. कॅन्सरची भीती घालायची आणि मग नेमकं तिथेच नेऊन बसवायचं, धन्य!

आणि ऊन केस विरळ कसं करेल? १९८३ मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या संशोधकांचा पेपर आला, ही सगळी मशीन्स त्याच तत्त्वावर चालतात. योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी क्षणभर, केसांसाठी काही मिलिसेकंद, जोरात द्यायचा. केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला आणि कातडीला काळेपणा देणारा रंग, तो शोषून घेतं, मूळ तापून बाद होतं, आणि उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत फ्लॅश संपलेला असतो. सगळा खेळ केस काळा आणि कातडी त्यापेक्षा उजळ असण्यावर आहे. आठ दिवस उन्हात बसून कातडीतच मेलॅनिन वाढवलं की मशीनला काय कळणार केस कुठला आणि कातडी कुठली, ते दोन्ही भाजतं. ते चौकोन म्हणजे हँडपीसच्या, मशीनचा जो भाग कातडीवर टेकवतात त्याच्या, काचेचा ठसा आहे, दुसरं काही नाही.

गर्भाशयाचं तर बोलायलाच नको. हा प्रकाश कातडीत काही मिलिमीटर जातो. खोल जाणारा म्हणून १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग नावाचा लेझर वापरतात, त्याचंही मोजमाप मिलिमीटरमध्येच. गरोदरपणात डॉक्टर थांबायला सांगतात ते खबरदारी म्हणून, गरोदर बायकांवर पुरेसा अभ्यास नाही म्हणून.

रेडिएशन म्हणाल तर टीव्हीच्या रिमोटमधूनही निघतं. हां, एक मान्य करते, १९२० च्या दशकात अमेरिकेत खरोखरच एक्स-रेने केस काढायचे आणि त्यातल्या कित्येक बायकांना पुढे कॅन्सर झाला. पण ते एक्स-रे होते, हा दिसणारा आणि त्याच्या शेजारचा इन्फ्रारेड प्रकाश आहे.

केस वाढतात यातही थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. चेहरा-मानेवर बारीक लव असेल तिथे कधीकधी केस उलट जाड येतात, हार्मोन्सची गडबड असेल तर जास्तच. आणि "कायमचे गायब" ही जाहिरातही खोटीच, औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफडीएसुद्धा फक्त कायमची घट एवढंच म्हणू देते. पांढऱ्या केसावर तर काहीच होत नाही, शोषायला रंगच नाही.

एलईडी मास्क टॉर्च नाही आणि जादूही नाही. निळा प्रकाश पिंपल्सच्या जंतूंवर थोडंफार काम करतो, केसांना त्याने काही होत नाही.

जाणार असाल तर आधीचे काही आठवडे ऊन टाळा, एका कोपऱ्यावर टेस्ट करून घ्या, डोळ्यावर शील्ड लावल्याशिवाय बटण दाबू देऊ नका. बहिणीचं पुढचं सिटिंग रद्द झालंय, डाग जायला काही महिने लागतील म्हणालेत डॉक्टर, आणि तोवर त्या पायावर ऊन पडू द्यायचं नाही.