“संध्याकाळी सहाला घरी”: पुण्याबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, शाळेच्या वर्गाच्या, माहेरच्या आणि जुन्या ऑफिसच्या. मजकूर थोडक्यात असा. महाराष्ट्र हे धंद्यासाठी देशातलं पहिल्या क्रमांकाचं राज्य, परकी गुंतवणूक सगळ्यात जास्त इथेच. कायदे असे की ऑफिस सुटल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क मिळालेला आहे. पुणं हे राहण्यासाठी देशातलं सर्वोत्तम शहर. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकराच्या रक्तातच वर्क-लाइफ बॅलन्स आहे. आयटीतली मुलं सहाला घरी असतात, बायकांना नोकरी आणि घर दोन्ही जमतं, कामगारही खूश आहे. तेव्हा बंगळूर-गुरुग्राम सोडा आणि इकडे या.

मी बावीस वर्षं याच शहरात पगारपत्रकं केली. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं हे रोज माझ्यासमोरच्या हजेरीत दिसायचं. त्यामुळे “सहाला घरी” वाचून गप्प बसवेना. दुसरं कारण जास्त जवळचं आहे. बंगळूरला असलेल्या माझ्या भाचीनं तो मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, खरं आहे का हे? राजीनामा द्यायचा विचार करतेय.” या मजकुराच्या भरवशावर कुणी हातातली नोकरी सोडू नये, म्हणून एकेक दावा घेऊन लिहिते आहे.

गुंतवणुकीचा दावा खरा आहे, तो आधी मान्य करते. २०२४-२५ मध्ये देशात समभागांच्या रूपानं आलेल्या परकी गुंतवणुकीपैकी ३९ टक्के महाराष्ट्रात आली. दुसऱ्या क्रमांकाच्या कर्नाटकात १३ टक्के. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. पण त्यावरून “धंद्यासाठी पहिला क्रमांक” हे सिद्ध होत नाही. व्यवसायसुलभतेची राज्यांची क्रमवारी केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केली, तिच्यात महाराष्ट्र तेराव्या जागी होता आणि आंध्र प्रदेश पहिला. २०२२ मध्ये क्रमांकांऐवजी गट केले, तेव्हा सगळ्यात वरच्या गटात सात राज्यं होती आणि आपण त्याच्या खालच्या गटात. मेसेजमध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेतल्या करारांचाही उल्लेख आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे राज्यानं १५ लाख ७० हजार कोटींचे सामंजस्य करार केले हे बरोबर. पण सामंजस्य करार म्हणजे इरादा. त्यानं जमीन घेतली जात नाही आणि पगारही सुरू होत नाहीत. तळेगावला यायचा म्हणून गाजलेला सेमीकंडक्टरचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यातला परदेशी भागीदार बाहेर पडला. म्हणजे तो इथेही झाला नाही आणि त्या रूपात तिथेही नाही. चाकण-तळेगाव पट्ट्यात भावाच्या नोकरीची आशा लावून बसलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून अशा आकड्यांवर टाळ्या वाजवताना हात अडखळतो.

छोट्या धंदेवाल्यासाठी खरोखर एक चांगली गोष्ट झाली, ती मात्र मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेली नाही. दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या नव्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला नोंदणीच्या खेपा राहिल्या नाहीत, ऑनलाइन सूचना दिली की भागतं. आधीच्या १९४८ च्या कायद्याखाली शॉप अ‍ॅक्टचा परवाना काढायला किती चकरा व्हायच्या ते ज्यांनी मारल्या त्यांना विचारा.

“राहण्यासाठी सर्वोत्तम शहर” हे २०१८ चं आहे. त्या वर्षी केंद्राच्या यादीत १११ शहरांमध्ये पुणं पहिलं आलं होतं. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी लागली, तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांत पुणं दुसरं होतं. पहिलं होतं बंगळूर, म्हणजे जे शहर सोडून या असं मेसेज सांगतो तेच. आणि यादीच्या पलीकडचं सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले आणि संशय पाण्यावर आला. महापालिकेत २०१७ ला अकरा आणि २०२१ ला तेवीस गावं घेतली, पण नकाशावर रेघ ओढली म्हणून शुद्ध पाणी पोचत नाही. बाहेरून येणारी मुलं स्वस्त भाड्यासाठी नेमकी याच कडेच्या भागांत घर घेतात.

आता कायद्याचा दावा. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात घातक चूक इथे आहे. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क महाराष्ट्रात कायद्यानं मिळालेला नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते मांडलं गेलं एवढंच, कायदा झालं नाही. कुणीतरी ती जुनी बातमी वाचली आणि पुढे ढकलताना “मांडलं”चं “मिळालं” झालं. हा हक्क आहे असं समजून एखाद्या पोरीनं रात्री फोन घेतला नाही आणि वर्षअखेरीच्या मूल्यांकनात तिचे गुण कापले गेले, तर तिला दाखवायला एकही कलम नाही.

कायद्यात आहे ते वेगळं आहे. २०१७ च्या कायद्यानं दुकानं आणि कार्यालयांसाठी दिवसाला नऊ तास ठरवले, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यापुढे ओव्हरटाइम आणि तो दुप्पट दरानं. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं यातही बदल मंजूर केला: वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांत दिवसाचे तास नऊवरून दहा, तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४. कारखान्यांत दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत नेता येतील. आठवड्याची मर्यादा तीच राहते आणि ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागते, हे खरं. पण मी कामावर असताना अशा संमतीचे कागद रुजू होण्याच्या दिवशीच बाकीच्या पंधरा सह्यांबरोबर घेतले जाताना पाहिले आहेत. राज्य गुंतवणूकदाराला बोलावतं तेव्हा हे वाढलेले तास “लवचीकता” म्हणून सांगतं, आणि नोकरदाराला बोलावणारा मेसेज त्याच राज्यातल्या कायद्याचं नाव घेऊन त्याला निवांतपणा सांगतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

शिवाय तासांची ही मर्यादा सगळ्यांना लागूच होत नाही. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकी किंवा गोपनीय स्वरूपाचं काम करणारा माणूस त्या तरतुदींतून बाहेर पडतो. एका कंपनीत मी चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना “असिस्टंट मॅनेजर” होताना पाहिलं. हाताखाली एक माणूस नाही, पगारात हजार-बाराशेची वाढ, आणि त्या महिन्यापासून माझ्या पत्रकातला त्यांचा ओव्हरटाइमचा रकाना कोरा. पोरं पेढे वाटायची. मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. कायदा किती पाळला जातो याचं आणखी एक उदाहरण सार्वजनिक आहे. २०२४ मध्ये कामगार खात्यानं पुण्यातल्या एका बड्या कंपनीचं कार्यालय तपासलं, तेव्हा ते २००७ पासून शॉप अ‍ॅक्टच्या नोंदणीविनाच चालू असल्याचं निघालं. सतरा वर्षं!

दुपारच्या झोपेचा दावा वाचून लोक हसतात, मला मात्र वडिलांची आठवण येते. आमचं पेठेतलं स्टेशनरीचं दुकान. साडेआठला उघडायचं, एकला बंद, चारला पुन्हा उघडून रात्री साडेनऊला मिटायचं. हिशोब केला तर दहा तास काम. ती झोप आळसाची नव्हती, दहा तासांच्या दिवसाला तेवढीच फट होती. आणि ती शक्य होती, कारण जिना चढला की घर होतं. गरम पोळी, आईशी चार शब्द, तासभर पडणं. ज्या दिवशी धाकट्या भावानं बाणेरला भाड्याचा गाळा घेतला, त्या दिवशी आमच्या घरातून एक ते चार संपलं. आता तो डबा काउंटरमागे खातो. त्याचं रक्त बदललेलं नाही, घर आणि गाळा यांच्यात आठ-नऊ किलोमीटर आले.

“आयटीतली मुलं सहाला घरी” याचं उत्तरही या अंतरातच आहे. टॉमटॉम या कंपनीनं २०२४ सालच्या वाहतुकीवरून जगभरातल्या शहरांची यादी केली, तिच्यात पुणं चौथ्या क्रमांकाचं संथ शहर ठरलं: दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त. ही सरासरी आहे, गर्दीच्या वेळेची नव्हे. कोथरूडहून हिंजवडीच्या आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत सतरा-अठरा किलोमीटर धरा. एका बाजूला तास. रोजचे दोन, आठवड्याचे दहा, वर्षातले अठ्ठेचाळीस आठवडे धरले तर ४८० तास. आठ तासांचा दिवस मोजला तर साठ दिवस होतात. वर्षातले साठ कामाचे दिवस माणूस बिनपगारी सिग्नलला उभा. आणि हे कोरड्या दिवसांचं गणित आहे. पावसाळ्यात वाकडच्या पुलापाशी काय होतं ते पहिल्या जोरदार सरीला जाऊन बघा.

हे असं का झालं, तर हिंजवडीचं राजीव गांधी आयटी पार्क एमआयडीसीनं, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळानं, उभारलं, पण हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायतींच्या हद्दीत. पुणे महापालिका नाही, पिंपरी-चिंचवड महापालिका नाही. रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याचं, विकास आराखडा पीएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. खड्ड्याची तक्रार कुणाकडे करायची हेच ठरत नाही. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते डिसेंबर २०१८ मध्ये झालं. मार्च २०२५ ची मुदत उलटून गेली. २०१८ ला कॅम्पसमधून लागलेला मुलगा तोवर दोन पोरांचा बाप झाला असेल.

घड्याळाचं आणखी एक आहे. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. तिथला ग्राहक चहाचा कप घेऊन बसतो, मग इथली मीटिंग सुरू होते. अमेरिकेच्या कामावर असलेला माणूस सहाला निघणार कसा? निघालाच तर शेजारचा विचारतो, “काय, हाफ डे का आज?” कंपनीची बस सव्वासहाला सुटते, ती चुकली की स्वतःच्या खर्चानं या. माझ्या शेवटच्या ऑफिसात त्या बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या जायच्या.

भाचीला मी हेच सांगितलं. पुण्यात ये, मला तर हवीच आहेस. पण आधी तीन गोष्टी विचारून घे: ऑफिस कुठल्या टप्प्यात, ग्राहक कुठल्या देशातला, आणि नेमणूकपत्रावर पदाचं नाव काय. घर ऑफिसपासून पायी किंवा एका रिक्षाच्या अंतरावर मिळत असेल तरच हो म्हण, भाडं चार हजारांनी जास्त पडलं तरी चालेल.

“बायकांना दोन्ही जमतं” या वाक्यात जमवणारी बाई मोजलेलीच नाही. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्यांपैकी बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची असा कायदा २०१७ पासून आहे. कुणी तुम्हाला नोकरी देताना “पाळणाघर कुठे आहे?” असं विचारलंत का? विचारा. न लाजता विचारा.

राहिला “कामगारही खूश”. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी परंपरेनं गुरुवारी, विजेचा भार वाटून जावा म्हणून पडलेली पद्धत. मुलांच्या शाळेची सुट्टी रविवारी. माझा मोठा चुलतभाऊ तीस वर्षं तिथे लेथवर होता. त्याच्या मुलाच्या एकाही रविवारच्या क्रिकेट मॅचला तो गेला नाही आणि एकाही गुरुवारी मुलगा घरी नव्हता. हे मेसेजच्या बॅलन्समध्ये कुठे बसतं?

आणि ज्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज सर्वात आधी पडला, त्या आमच्या सोसायटीच्या फाटकावर दोन रखवालदार आहेत. एक सकाळी आठ ते रात्री आठ, दुसरा रात्री आठ ते सकाळी आठ. दिवसाचा परभणीकडचा आहे, घर कात्रजच्या पुढे, येण्याजाण्यात दीड-दीड तास. म्हणजे त्याच्या दिवसातले पंधरा तास आमच्यासाठी जातात. या महिन्याच्या सभेसाठी मी सचिवांकडे लेखी ठराव दिला आहे: बाराच्या दोन पाळ्यांऐवजी आठच्या तीन, आणि आत्ताच्या दोघांच्या पगारात एक रुपयाही कपात नाही. चौसष्ट घरांत वाटला तर तिसऱ्या माणसाचा खर्च घरटी तीनशेच्या आसपास येतो. मेसेज पुढे पाठवणाऱ्या सगळ्यांना मी फोन करून सभेला बोलावलं आहे.