बसवली कुणी आणि काढणार कोण

भारतातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलताना गर्भनिरोधक इम्प्लांटचा, म्हणजे दंडात कातडीखाली बसवायच्या काडीचा विषय निघाला की तिचं एक वाक्य ठरलेलं: "तीन वर्षांचे हार्मोन एकदम अंगात भरायचे?" तिकडे सरकारी कुटुंबनियोजनात इम्प्लांट येऊ लागल्यापासून हा वाद वाढलाय. इकडे ब्रिटनमध्ये माझ्या डाव्या दंडात ती काडी दोन वर्षं होती. चार सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड. चाचपली की रिफिलच्या तुकड्यासारखी कातडीखाली सरकायची.

एकदम काही भरत नाहीत. काडीत इटोनोजेस्ट्रेल नावाचा ६८ मिलिग्रॅम हार्मोन प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो, वर त्याच जातीच्या प्लास्टिकचं पातळ वेष्टन. ना पंप, ना बॅटरी. हार्मोन त्या वेष्टनातून झिरपत रक्तात उतरतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात रोज ६० ते ७० मायक्रोग्रॅम, वर्षअखेरीस ३५ ते ४५, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी २५ ते ३०. तेवढ्यानंही स्त्रीबीज बाहेर पडणं थांबतं आणि गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो. तीन वर्षांनी काढलेल्या काडीतही हार्मोन बराच उरलेला असतो.

एक गोष्ट मात्र तिकडच्या चर्चेत मला फारशी ऐकू येत नाही. टीबीवरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर काडी नेहमीच्याच गतीनं झिरपते, पण यकृत तो हार्मोन झपाट्यानं मोडून टाकतं. मग भरवसा ठेवता येत नाही. बसवण्याआधी हे विचारायलाच हवं.

मैत्रिणीच्या संशयाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. सहा कॅप्सूलांच्या नॉरप्लांट या जुन्या इम्प्लांटच्या चाचण्या भारतात झाल्या, तेव्हा स्त्री संघटनांनी विचारलं होतं: संमती कशी घेतली, नंतर तपासलं कोणी, बाईनं मागितल्यावर काढून दिलं का? आणि परदेशही काही धुतल्या तांदळासारखा नाही. अमेरिकेत नॉरप्लांटला १९९०च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशानं एका बाईला प्रोबेशनची अट म्हणून ते बसवायला सांगितलं.

म्हणून हार्मोन किती झिरपतो यापेक्षा मला काढण्याचा प्रश्न मोठा वाटतो. गोळी आपण आपली बंद करू शकतो. काडीला दुसऱ्याचे हात लागतात. माझी पाळी पार बेभरवशाची झाली होती, कधी तीन-तीन आठवडे डाग. इथे बसवणं-काढणं दोन्ही फुकट, तरी आधी "थोडं थांबून बघा" ऐकलं, मग काढायची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. काढायला लागली जेमतेम पाच मिनिटं, आणि आठवडाभरात हार्मोन रक्तातून गेला.

मैत्रिणीनं विचारलं, "मग त्या पाच आठवड्यांत किती गेला अंगात?"

दुसऱ्या वर्षाच्या गतीनं हिशेब केला. साधारण सव्वा मिलिग्रॅम, नको म्हटल्यानंतरचा.