दिल्ली ते पुणे दोन तास, पुढचं देव जाणे

“कॅन्सल तुम्ही करा.”
“मी का करू? यायचं तुम्हाला नाहीये.”
“मॅडम, आम्ही केलं की आमच्या आयडीला प्रॉब्लेम येतो.”
“मग या.”
“ॲपचं भाडं नाही परवडत. मीटरच्या रेटनी देणार असाल तर येतो.”
“देते.”
“ड्रॉप कुठंय?”
“नारायण पेठ.”
आणि मग ती शांतता. नारायण पेठ म्हटल्यावर यांना काय होतं कोण जाणे. जणू मी याला तोरण्यावर गाडी चढवायला सांगितली.
“आत नाय येणार. लक्ष्मी रोडला सोडतो.”
“रात्री साडेदहाला लक्ष्मी रोडला उतरून बॅग डोक्यावर घेऊ?”
“मग कॅन्सल करा ना काकू.”

मॅडमची काकू झाले ती एवढ्याशा वेळात. भाडं कमी पडलं की वय वाढतं.

हे सगळं कुठे चाललंय, तर पार्किंगच्या त्या बहुमजली मॉलमध्ये, एका खांबाला टेकून. कारण लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, ॲपवाली गाडी आपल्यासाठी दारात येत नाही, आपण तिच्याकडे जायचं. पैसे मी देणार, बॅग मी ओढणार आणि स्थळ बघायला निघाल्यासारखी तिच्या दारी पण मीच जाणार. त्या मॉलपर्यंत जायला बॅटरीवरची गाडी आहे. आहे म्हणजे दिसते. माझ्या पुढच्या कुटुंबाने आधी बॅगा बसवल्या, मग आजींना बसवलं, मग उरलेल्या जागेत एक मिठाईचा खोका बसवला. ड्रायव्हर म्हणाला, पुढची येईल. पुढची येईपर्यंत मी चालत पोचले असते, आणि चालतच पोचले. पेव्हर ब्लॉकवरून चाकाची बॅग ओढताना जो खडखडाट होतो ना, तो ऐकला की ज्याने हे पेव्हर ब्लॉक पहिल्यांदा या शहरात आणले त्याला शोधून काढावंसं वाटतं.

मॉलमध्ये शिरल्यावर कोणत्या मजल्यावर यायचं ते ॲप एक सांगतं, ड्रायव्हर दुसरं सांगतो आणि वॉचमन “इथे थांबू नका” सांगतो. लिफ्टसमोर सगळे उभे, प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकजण “हां दादा, मी खांबापाशी आहे” म्हणतोय. अहो, खांब सगळीकडेच आहेत!

आणि नकाशावरची ती चिमुकली गाडी. माझी गाडी जवळच्याच ५०९ चौकात उभी होती. उभी म्हणजे उभीच. मग थोडी हलली, मला वाटलं आली. गोल फिरली आणि परत तिथेच. तो तिथे बसून वाट बघतोय की ही बाई कधी थकते आणि बटण दाबते. मी इथे वाट बघतेय की हा कधी थकतो. मी पुण्याची आहे हो. मी दुपारी एक ते चारच्या दुकानदारांसमोर वाढले आहे, मला वाट बघायला लावून कोण हरवणार? शेवटी त्यानेच कॅन्सल केलं. त्यानंतर आलेल्या गाडीवाल्याने काही न विचारता कॅन्सल केलं, त्याला निदान सभ्यता होती. तिसऱ्याने फोन करून विचारलं, “कॅश का ऑनलाइन?” ऑनलाइन म्हटल्यावर फोन कट. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

आता मला कृपा करून मीटरचे दर समजावू नका. मला पाठ आहेत. एसी टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ हे आरटीओने २०२४ पासून ठरवून दिलं होतं, ॲप त्याहून कमी दाखवतं, ड्रायव्हरच्या हातात काहीच पडत नाही, त्याची बाजूही मला कळते. इतकी कळते की मी त्याच्या बाजूने मोर्चात चालेन. पण ते भांडण त्याचं आणि ॲपचं आहे ना? मग त्यात रात्री साडेदहाला खांबाला टेकून मी का उभी?

“मेट्रोने यायचं ना!” आलेच. मला माहीतच होतं. हे म्हणणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच, आमच्यात तो कोथरूडला राहतो आणि आयुष्यात कधी रामवाडीच्या पुढे गेलेला नाही. मेट्रो छान आहे, मी तिच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही. डेक्कनला उतरलं की नदी ओलांडून मी घरात. पण ती २०२४ साली जी रामवाडीला येऊन थांबली ती थांबलीच. विमानतळ तिथून तीन-चार किलोमीटर. म्हणजे घराच्या बाजूची सगळी सोय झाली, फक्त विमानाची बाजू तेवढी राहिली. रामवाडीपर्यंत जायला रिक्षा करा, आणि रिक्षावाला म्हणणार रामवाडी? एवढ्या जवळ? नाही परवडत. पेठ लांब पडते, रामवाडी जवळ पडते. यांना परवडतं तरी काय नेमकं? आणि नागपूर! नागपूरला मेट्रो आपल्याआधी तीन वर्षं, २०१९ ला धावली. त्यांच्याकडे विमानतळाच्या नावाचं एक स्टेशन नाही, दोन आहेत. एअरपोर्ट आणि एअरपोर्ट साउथ. हे वाक्य मला पुणेकर असून लिहावं लागतंय, यापेक्षा जास्त अपमान कोणी करू शकत नाही.

तसं विमानतळाच्या वाटेवरच्या नगर रोडवर बीआरटी, म्हणजे फक्त बसची वेगळी लेन, होती. २०१६ साली वाजतगाजत केली, मग तीच उखडली. मधली काही वर्षं आम्ही तिच्या कडेच्या उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत पहिल्या गिअरवर रांगलो. उखडल्यावर रस्ता मोकळा होणार होता. गुंजन चौकात एकदा संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा किती मोकळा झालाय.

आणि ते नवं टर्मिनल. २०२४ च्या मार्चमध्ये उद्घाटन, पहिलं विमान जुलैत. चार महिने ती इमारत नुसती झगमगत उभी, आणि आम्ही शेजारच्या जुन्या टर्मिनलमध्ये एकमेकांच्या पायांवर पाय देत. आता मात्र आतून मस्त आहे, खरंच. कमानी आहेत, उजेड आहे, फोटो काढणाऱ्यांची गर्दी आहे. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना वेगळी शिक्षा हवी, पण तो विषय नंतर. मुद्दा असा की काचेचा दरवाजा उघडेपर्यंत तुम्ही एकविसाव्या शतकात असता. दरवाजा उघडला की “कुठं जायचं मॅडम, सातशे, सातशे!”

सातशे. दहा-अकरा किलोमीटरला.

मुळात हा विमानतळ आपल्यासाठी नव्हताच. १९३९ साली इंग्रजांनी लोहगावला तळ बांधला तो मुंबईच्या रक्षणासाठी. म्हणजे इथेही मुंबईच! धावपट्टी आजही हवाई दलाची, आपण तिथे भाडेकरू. स्वतःचं घर पुरंदरला होणार असं २०१६ पासून ऐकतोय, त्याआधी ते चाकणला होणार होतं. झालंच तर पेठेतून पुरंदरला कसं जायचं याचा विचारही मी करणार नाही, रक्तदाब वाढतो. तोवर आहे त्याला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केला. उत्तम झालं. लोहगाव तुकोबांचं आजोळ. पण लक्षात घ्या, तुकोबांना न्यायला विमान थेट देहूत आलं होतं. “मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर या” असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

शेवटी आले कशी? रिक्षाने. सातशेवाल्याला साडेचारशेवर आणला. त्यासाठी मी जे काही बोलले, महागाई, माझं पेन्शन, त्याची आई, माझी आई, ते ऐकून शेजारी उभा असलेला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, “काकू, मला पण करून द्या ना एक.” दिल्लीच्या विमानतळावर याच बाईने अडीचशे रुपयांचा चहा “थँक यू” म्हणून प्यायला होता. कागदी कपात. टी-बॅगचा. आणि पुण्याच्या मातीवर पाय टेकताच पन्नास-पन्नास रुपयांसाठी गळ्याच्या शिरा फुगवून उभी! त्या मुलालाही करून दिली हो. येरवड्यापर्यंत, दीडशेत. मला वाटतं मी तिथे एक टेबल टाकून बसावं. पेन्शनला जोड होईल.

रिक्षात बसल्यावर तो अगदी गोड झाला. बंडगार्डनच्या पुलावर त्याने मुलीच्या दहावीचे मार्क सांगितले, जुन्या बाजारापाशी बायकोचा थायरॉइड. आणि शनिवारवाड्यापाशी हळूच, “काकू, लक्ष्मी रोडला सोडलं तर चालेल का? आत वन-वे आहे.”

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही. दारात सोडलं त्याने.

आमच्या नणंदबाई बंगळुरूला असतात. त्यांच्या विमानतळाचं कौतुक मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय. तिकडे देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर लांब, तरी बाहेर आलं की वायुवज्र बस उभी, एसी, तिकीट काढा आणि झोपा. “तुमचं काय गं वहिनी, दहा किलोमीटर तर आहे,” हे प्रत्येक गणपतीत एकदा होतंच. तर त्या पुढच्या महिन्यात येताहेत. रात्री दहाचं विमान. काल रात्री पाय गरम पाण्यात घालून बसले होते तेव्हाच फोन आला. “वहिनी, तू उगीच घ्यायला येऊ नकोस हं. मी आपली ॲपवर गाडी करून येईन.”

मी म्हटलं, हो, ये की.