शर्यतीची सुरुवात आणि टर्बोचा हिशेब

फॉर्म्युला वनच्या २०२६च्या हंगामापूर्वी नव्या इंजिनांमुळे मागच्या गाड्या सुरुवातीलाच अडकतील म्हणून सुरुवातीची पद्धत बदलावी का, यावरून जो वाद पेटला, त्याबद्दल पुण्यातील वाहन उद्योगात काम करणाऱ्या माझ्या मित्रांचे मत ठाम आहे. नियम सर्वांना ठाऊक होते. ज्याने त्यांचे परिणाम आधी ओळखले, त्याच्या पदरात फायदा पडलाच पाहिजे. इंजिन घडवणाऱ्या माणसाला हे पटणे स्वाभाविक आहे. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गापासून जवळच राहणाऱ्या मला मात्र ते अपुरे वाटते.

२०१४ पासून टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, दांड्याला जोडलेली विजेची मोटर त्याला लागेल तेव्हा वेग देत असे. ती महागडी होती आणि रस्त्यावरच्या गाड्यांना फारशी उपयोगाची नव्हती, म्हणून नव्या उत्पादकांना आकर्षित करण्यासाठी २०२६च्या नियमांतून ती वगळण्यात आली. परिणामी टर्बोला गती यावी म्हणून चालकाला उभ्या गाडीतच सुमारे दहा सेकंद इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवावे लागू लागले. पुढच्या रांगांतील गाड्या आधी येऊन थांबतात, त्यांना तेवढा वेळ मिळतो. सर्वांत मागची गाडी जागेवर येते न येते तोच लाल दिवे लागू लागतात; ते विझले की शर्यत सुटते. बहरीनच्या चाचण्यांच्या वेळी मॅक्लारेन संघाचे प्रमुख आंद्रेआ स्टेला यांनी हा सुरक्षिततेचा प्रश्न असल्याचे सांगितले, आणि दिव्यांपूर्वी पाच सेकंदांचा निळा इशारा देऊन पाहण्यात आला. फेरारीने मात्र हा मुद्दा आधीच मांडला होता, आणि लहान टर्बो निवडून त्यावर उपायही शोधला होता, असे सांगितले जाते. आता इतरांसाठी सुरुवातीची पद्धत बदलू नये, ही फेरारीची तक्रार मला रास्त वाटते.

तरीही इंजिनांच्या इतर वादांना जो न्याय लावता येतो, तो इथे लागू पडत नाही. कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्या प्रमाणाची, १६ची मर्यादा गार इंजिनात मोजायची की तापलेल्या, यावर महिनोन्‌महिने भांडता येते. त्यात कोणाचा जीव जात नाही. १३ जून १९८२ रोजी मॉन्ट्रियलला सर्वांत पुढे असलेल्या दिदिए पिरोनींची फेरारी जागीच बंद पडली आणि बऱ्याच मागून वेगाने आलेल्या रिकार्दो पालेत्तींची गाडी तिच्यावर आदळली. पालेत्ती त्यात गेले. त्यांना चोविसावे वर्ष पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. समोरच्या गाडीच्या इंजिनाचा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता.

ज्यांना नीट निघता येत नाही त्यांनी पिटलेनमधून, म्हणजे दुरुस्तीच्या बाजूच्या मार्गिकेतून, सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी, असे मित्र सुचवतात. पण आपली गाडी जागेवरच अडकणार आहे, हे दिवे विझेपर्यंत तिच्या चालकालाही कळत नाही. इथल्या सर्किटवर कठड्यामागे उभे राहणारे मार्शल, म्हणजे मार्गावरील सुरक्षा कर्मचारी, स्वयंसेवक असतात, आणि अशा अपघातात सर्वांत आधी धावतात तेही हेच. म्हणून ते पाच सेकंद द्यावेत, फेरारीचा फायदा त्यात कमी झाला तरी द्यावेत, आणि पुढचे इंजिन-नियम लिहिताना बावीस गाड्या उभ्या जागेवरून कशा निघतील याची चाचणी नियम पक्के होण्याआधी घ्यावी.