बँक बुडताना कॅमेरा कुठे लावावा

वृत्तवाहिनी चालवायला घेतलीच आहे, तर एखादी बँक बुडायची वाट बघा. पूर ओसरतो, गुवाहाटीला गेलेले आमदारही परत येतात. बँक मात्र वर्षानुवर्षं बुडत राहते. त्यातले पहिले तीन दिवस तुमचे, बाकीचे खातेदारांचे.

सरावासाठी सप्टेंबर 2019 ची पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह ही सहकारी बँक घ्या. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असं जाहीर केलं. हे हजार रोजचे नव्हेत, सहा महिन्यांचे मिळून. पण इतक्या खोलात कशाला शिरता? '1,000' हा आकडा लाल रंगात पडदाभर फोडा, मागे ढणढणाट लावा आणि थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन मुंबईत भांडुपला पिटाळा.

बँकेचं मुख्यालय तिथल्या एका मॉलमध्ये होतं. तो मॉल बांधला होता एचडीआयएल या बिल्डर कंपनीने, म्हणजे ज्या समूहाच्या थकलेल्या कर्जात बँक रुतली त्याच समूहाने. थोडक्यात, अख्खी बातमी तुमच्या प्रतिनिधीच्या पाठीमागे मजल्यांसकट उभी असते. त्याला मागे वळू देऊ नका, फ्रेम बिघडते.

त्याला शाखेच्या शटरकडे पाठवा. शटरवर इंग्रजी नोटीस चिकटवलेली असते. कॅमेरामनला झूम करायला सांगा, पण अक्षरं लागतील इतकं नको. मग प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि एफडीच्या पावत्या घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या मावशी गाठा. (सापडतातच.) हनुवटीखाली बूम धरून विचारा, "मावशी, काय भावना आहेत तुमच्या?" मुलीच्या लग्नाचं बोलल्या तर उत्तम. रडल्या तर "ही दृश्यं फक्त आपल्याच वाहिनीवर" हे म्हणायला उशीर नको, कारण शेजारचे सहा बूमवाले तेच म्हणायच्या तयारीत असतात. पण मावशींनी "इतकी वर्षं ऑडिट कोण करत होतं?" असं विचारलं, तर आवाज तुटतोय म्हणा आणि थेट स्टुडिओत या.

स्टुडिओत आठ खिडक्या लागतात. सातांत पक्षांचे प्रवक्ते बसवा. बँक कोणाच्या काळात बुडली यावर ते जाहिरातींसकट तासभर सहज काढतात. आठवीत एखादा बँकिंगमधला माणूस, शोभेला. तो सांगू लागेल की साधारण 8,800 कोटींच्या कर्जांपैकी 6,500 कोटींच्या वर एकाच समूहाकडे होते आणि ते लपवायला 21 हजारांवर बनावट खाती रचल्याचा आरोप आहे. इथवर चालू द्या, आकडे मोठे आहेत. पण सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँक आणि सहकार खातं असं दुहेरी नियंत्रण असतं आणि त्या फटीतून काय काय निसटतं, हे सुरू झालं की ब्रेक घ्या. ब्रेकनंतर तो माणूस नसला तरी कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मालमसाला संपतो. तेव्हा प्रश्नचिन्ह वापरा. 'तुमची बँक बुडणार?' यात तुम्ही काहीच म्हटलेलं नसतं, फक्त विचारलेलं असतं. वकिलाचा खर्च वाचतो. घाबरलेले लोक भलत्याच बँकेसमोर रांगा लावतील. रांग लागली की तिकडे दुसरी व्हॅन पाठवा, ही झाली तुमची नवी बातमी. त्या वेळी रिझर्व्ह बँकेला 1 ऑक्टोबरला पत्रक काढून अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगावं लागलं. असं पत्रक निघालं की तेही ब्रेकिंगमध्ये घ्या: 'रिझर्व्ह बँक का घाबरली?'

एवढ्यात निवडणूक येतेच. तेव्हाही विधानसभेचं मतदान 21 ऑक्टोबरला होतं. व्हॅन मोकळी करा.

पुढचं सगळं कागदोपत्री असतं, त्यात दृश्यं नसतात. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेवींचं विमासंरक्षण एक लाखाचं पाच लाख झालं. जानेवारी 2022 मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी असलेल्यांना पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटची रक्कम दहा वर्षांनी मिळायची आहे. ही ओळ तळपट्टीवर टाका, एकदाच, सोन्याच्या भावानंतर आणि राशिभविष्याच्या आधी.