बूस्ट क्रीप आणि सायलेन्सरमधली चकती: जरा खुलासा

आपल्या नाशिकच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की माझदाच्या आरएक्स-७ ला (पिस्टनऐवजी फिरत्या तिकोनी रोटरचं, म्हणजे रोटरी इंजिन असलेली टर्बो स्पोर्ट्स कार) बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, आपोआप चढत असेल तर सातपूरला लेथवर भोकाची चकती बनवून एक्झॉस्टमध्ये टाका, विषय संपला. अर्धं खरं आहे राव. असा बूस्ट चढणं म्हणजेच क्रीप, आणि तो होतो कारण कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून मोकळा पाइप टाकला की टर्बाइनच्या (टर्बोतलं एक्झॉस्टने फिरणारं चाक) मागचा दाब कमी होतो, टर्बो जोरात फिरतो, आणि वेस्टगेट (जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) पूर्ण उघडूनही तेवढा गॅस बाहेर सोडू शकत नाही, मग आरपीएम वाढेल तसा बूस्ट सेटिंगच्या वर चढतच जातो. तिथे बूस्ट कंट्रोलर काय करणार, दार आधीच सताड उघडं आहे ना!

चकतीने मागे दाब वाढतो, बूस्ट खाली येतो, हे मान्य. पण रोटरीचा एक्झॉस्ट आधीच भयंकर तापतो, त्यात ती उष्णता कोंडायची म्हणजे कसारा घाट फुल लोडवर चढताना नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) आमंत्रणच, आणि त्यात एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरचं सील) गेलं की पूर्ण इंजिन खोलावं लागतं. खरा इलाज म्हणजे वेस्टगेटचं भोक पोर्ट करून मोठं करणं, नाहीतर टर्बोच्या बाहेर बसवलेलं मोठं एक्स्टर्नल वेस्टगेट. चकती तात्पुरती ठीक, तीही बूस्ट गेजवर डोळा ठेवून.